बॅटरी ८० टक्के भरलेली, तरी जहाज पडतं: ‘स्पेस इंजिनियर्स’मधल्या विजेचा हिशेब

‘स्पेस इंजिनियर्स’ म्हणजे ब्लॉक जोडून जहाजं आणि तळ बांधायचा व्हिडिओ गेम. प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या ग्रिडचं मालवाहू जहाज (ग्रिड म्हणजे एकत्र जोडलेल्या ब्लॉकांचा सांगाडा, ब्लॉकच्या आकाराप्रमाणे मोठा किंवा लहान). दोन बॅटऱ्या, वर ढकलायला बारा लहान अ‍ॅटमॉस्फेरिक (हवेत चालणारे) थ्रस्टर, आत खनिज गाळणारी एक रिफायनरी आणि सुटे भाग बनवणारा एक असेंब्लर. रिकामं असताना छान उडतं. खनिज भरून पृथ्वीसारख्या ग्रहावरून उचललं की हळूहळू खाली यायला लागतं. बॅटऱ्या ८० टक्के भरलेल्या, दिवे चालू, रिफायनरीही फिरतेय. मग वीज जाते कुठे?

वीज कुठेच जात नाही, ती बॅटरीतच पडून आहे. बाहेर येण्याचा वेग अपुरा पडतोय आणि जी बाहेर येते ती आधी दुसऱ्यांना मिळतेय. या खेळात विजेचे बहुतेक घोटाळे याच दोन कारणांनी होतात, म्हणून आधी तीच नीट बघू. बाकी तपशील त्यांना धरून येतील.

विहिरीला पाणी भरपूर असलं तरी पंप तीन एचपीचा असेल, तर दहा एकराला एकाच वेळी पाणी मिळत नाही. बॅटरीवर दोन आकडे असतात, ते हेच सांगतात. मेगावॅट-तास म्हणजे विहिरीतलं पाणी, मेगावॅट म्हणजे पंप. मोठ्या ग्रिडच्या बॅटरीत ३ मेगावॅट-तास मावतात, पण ती एका वेळी १२ मेगावॅटच देते. लहान ग्रिडची मोठी बॅटरी १ मेगावॅट-तास साठवते आणि ४ मेगावॅट देते. या आकड्यांत एक सोय आहे: पूर्ण जोरात वापरली तर दोन्ही बॅटऱ्या बरोबर १५ मिनिटांत रिकाम्या होतात. भरताना २० टक्के वीज वाया जाते. त्यामुळे पूर्ण वेगाने भरायलाही १५ नव्हे, १८ मिनिटं ४५ सेकंद लागतात, आणि ३ मेगावॅट-तास साठवायला ३.७५ मेगावॅट-तास ओतावे लागतात.

आता तुमचं जहाज. मोठ्या ग्रिडवरचा लहान अ‍ॅटमॉस्फेरिक थ्रस्टर पूर्ण जोरात ६४८ किलोन्यूटन रेटा देतो आणि २.४ मेगावॅट खातो. असे बारा म्हणजे ७,७७६ किलोन्यूटन रेटा आणि २८.८ मेगावॅट मागणी. दोन बॅटऱ्यांची क्षमता २४ मेगावॅट. म्हणजे कागदावरचा पूर्ण रेटा हे जहाज कधीच देऊ शकत नव्हतं. रिकामं असताना ते कळत नाही, इतकंच. ४०० टन वजन तरंगत ठेवायला सुमारे ३,९२४ किलोन्यूटन लागतात, त्याला साधारण १४.५ मेगावॅट पुरतात. खनिज भरून वजन ७०० टन झालं की ६,८६७ किलोन्यूटन लागतात, म्हणजे २५.४ मेगावॅट. ते दोन बॅटऱ्यांच्या बाहेर गेलं. थ्रस्टर पुरेसे आहेत, बॅटरीत वीजही आहे, आणि जहाज तरीही पडतंय.

त्यात रिफायनरी आणि असेंब्लर आहेत. दोन्ही प्रत्येकी ५६० किलोवॅट, मिळून १.१२ मेगावॅट. तो भार २४ मधून आधी वजा होतो. उरतात २२.८८ मेगावॅट आणि त्यात जेमतेम ६३० टन तरंगतात. ही वजाबाकी आधी का होते, ते पुढे येतंच आहे.

उपाय म्हणून बहुतेक जण तिसरी बॅटरी लावतात. चुकीचं नाही, पण त्याआधी थ्रस्टर बदलून बघा. मोठ्या ग्रिडचा मोठा अ‍ॅटमॉस्फेरिक थ्रस्टर ६,४८० किलोन्यूटन देतो आणि १६.८ मेगावॅट खातो. म्हणजे दहा लहान थ्रस्टरांचं काम सात लहान थ्रस्टरांच्या विजेत. तुमच्या बारा लहानांऐवजी एक मोठा आणि दोन लहान लावले, तर रेटा अगदी तोच, ७,७७६ किलोन्यूटन, आणि मागणी २८.८ वरून २१.६ मेगावॅटवर येते. रिफायनरी-असेंब्लर धरून २२.७२. दोन बॅटऱ्यांत बसलं. भरलेलं जहाज तरंगत ठेवायला सुमारे १९ मेगावॅट लागतील. ८० टक्के बॅटऱ्यांत ४.८ मेगावॅट-तास आहेत, म्हणजे कारखान्याचा भार धरून साधारण १४ मिनिटं. रिफायनरी बंद केली तर किंचित जास्त. तिसरी बॅटरी मग आडव्या थ्रस्टरांसाठी लावा. ती हवीच, कारण वर ढकलत असतानाच ब्रेक मारावा लागतो.

थ्रस्टरांची बेरीज करताना सगळे मोजायची गरज नसते. पुढे आणि मागे एकाच वेळी कुणी ढकलत नाही. वर-खाली, पुढे-मागे आणि डावं-उजवं अशा तीन जोड्यांतली जी बाजू जास्त खाते ती घ्या आणि तिन्हींची बेरीज करा. जहाजाला आपोआप थांबवणारा इनर्शियल डॅम्पनर चालू असताना तिरकं थांबायला लागलात, तर ही बेरीज खरोखर एकाच क्षणी मागितली जाते. तिच्यावर कारखान्याचा भार आणि थोडी मोकळीक धरली, की जहाजाची गरज ठरली.

कोण आधी जेवतो

खेळात तारा नाहीत. एका ग्रिडवर जे जे ब्लॉक बसले, ते सगळे आपोआप एकाच विजेच्या पंगतीत बसतात. रोटर, हिंज आणि पिस्टनच्या पलीकडचा भागही त्याच पंगतीत येतो. कनेक्टर लॉक झाला की दोन जहाजांची वीज एक होते. लँडिंग गिअरने किंवा चुंबकी पट्टीने चिकटलेलं जहाज मात्र फक्त चिकटलेलं असतं. त्याला वीज मिळत नाही. नवख्या माणसाचा रोव्हर रात्रभर तळाला ‘जोडून’ ठेवूनही सकाळी रिकामा निघतो, तो बहुतेक वेळा यामुळे.

पंगतीत वाढप सरसकट होत नाही. ग्राहक ब्लॉकांचे गट आहेत आणि ठरलेल्या क्रमाने वाढलं जातं. संरक्षणाच्या तोफा सर्वांत आधी. मग माल वाहून नेणारे कन्व्हेअर, मग रिफायनरी-असेंब्लरसारखा कारखाना, दारं, दिव्यांसारख्या किरकोळ सोयी, चार्ज होणारी साधनं (उदाहरणार्थ जंप ड्राइव्ह, म्हणजे लांबचं अंतर एका उडीत गाठणारं यंत्र), जहाज वळवणारे जायरोस्कोप, त्यानंतर थ्रस्टर आणि अगदी शेवटी भरून घ्यायला बसलेल्या बॅटऱ्या. वीज कमी पडली की वरचे गट पोटभर जेवतात आणि खालच्यांना उरलंसुरलं मिळतं. भारनियमन म्हणा हवं तर, फक्त इथे वेळापत्रक नाही.

तुमच्या जहाजात रिफायनरी निवांत फिरत असताना थ्रस्टर उपाशी राहिले, ते या क्रमामुळे. दिवे लागलेले दिसतात म्हणून वीज पुरतेय असं समजू नका. दिवे थ्रस्टरच्या आधी जेवून उठलेले असतात.

तुटवड्यात सगळे सारखे वागतही नाहीत. थ्रस्टर जुळवून घेतो: ८५ टक्के वीज मिळाली तर ८५ टक्के रेटा देतो. म्हणून जहाज धाडकन न पडता आधी सुस्तावतं, चढाईचा वेग घटतो, आणि तेवढ्यात आकडा लक्षात आला नाही तर खाली यायला लागतं. बॅटरी आणि जंप ड्राइव्हही मिळेल तेवढ्यावर भरत राहतात. पण दार किंवा असेंब्लर यांना पूर्ण वीज हवी, नाहीतर काहीच नको. त्यांच्या गटापर्यंत तुटवडा पोचला की ते बंद-चालू होत राहतात. तळावरचा असेंब्लर सारखा लुकलुकत असेल तर तो बिघडलेला नाही, वीज सीमेवर आहे.

देणाऱ्यांचीही रांग आहे. आधी सौर पॅनेल आणि पवनचक्की, कारण त्यांची वीज वापरली नाही तर गेलीच. मग बॅटऱ्या. इंधन जाळणारी साधनं, म्हणजे रिअ‍ॅक्टर आणि हायड्रोजन इंजिन, त्यांच्या मागे. एका गटात अनेक साधनं असतील तर भार क्षमतेच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणून रिअ‍ॅक्टर लावलेल्या जहाजातही बॅटऱ्या उतरत जातात आणि माणूस गोंधळतो. बॅटऱ्या रिअ‍ॅक्टरच्या आधी कामाला लागल्या, एवढंच. पण त्या बॅटऱ्या पुन्हा रिअ‍ॅक्टरवरच भरल्या जात असतील, तर प्रत्येक फेरीत २० टक्के युरेनियम हवेत जातं. रिअ‍ॅक्टरवर चालणाऱ्या जहाजात बॅटऱ्या एकदा भरा आणि बंद करून ठेवा. बंद बॅटरीतला साठा कमी होत नाही.

वीज आणायची कुठून

आकडे सध्याच्या आवृत्तीतले आहेत. केन सॉफ्टवेअर हाउस या प्राग शहरातल्या कंपनीने खेळ २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला आणला, पूर्ण आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि मधल्या काळात बरेच आकडे बदलले. जुन्या व्हिडिओंमध्ये मोठ्या ग्रिडचं सौर पॅनेल १२० किलोवॅटचं दिसेल, आता ते १६० चं आहे. मोड (खेळाडूंनी केलेले फेरफार) लावलेल्या सर्व्हरवर तर काहीही असू शकतं. ब्लॉक निवडून कंट्रोल पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यातली माहिती वाचा, तीच खरी.

पवनचक्की फक्त मोठ्या ग्रिडवर, जमिनीत रोवलेल्या स्थिर तळावर आणि वातावरण असलेल्या ग्रहावर चालते. कमाल ४०० किलोवॅट. हा आकडा क्वचितच पूर्ण मिळतो. जमिनीलगत किंवा दुसऱ्या चक्कीला खेटून लावली तर उत्पादन घसरतं. चार-सहा ब्लॉक उंच खांब उभारा, चक्क्यांमध्ये अंतर सोडा आणि प्रत्येकीची माहिती उघडून वाऱ्याची मोकळीक कशी दाखवते ते बघा. रिफायनरी आणि असेंब्लर मिळून १.१२ मेगावॅट. कागदावर तीन चक्क्या पुरतात, प्रत्यक्षात पाच उभ्या करा. चक्की रात्रीही फिरते, म्हणून पृथ्वीसारख्या ग्रहावर सुरुवात करणाऱ्याने सौर पॅनेलच्या नादी लागण्याआधी हीच लावावी असं माझं ठाम मत आहे.

सौर पॅनेलचं गणित फसवं असतं, म्हणून सविस्तर करू. मोठ्या ग्रिडचं पॅनेल सूर्यासमोर सरळ असेल तर १६० किलोवॅट देतं, लहान ग्रिडचं ४०. कोन तिरका झाला की उत्पादन कोसाइनच्या हिशेबाने उतरतं: ६० अंश तिरकं असेल तर निम्मं. ग्रहावर आडवं टाकलेलं पॅनेल, सूर्य बरोबर डोक्यावरून जातोय असं धरलं तरी, दिवस-रात्र मिळून कमाल क्षमतेच्या सुमारे ३२ टक्केच देतं. म्हणजे सरासरी ५१ किलोवॅट. खेळातल्या ‘स्टार सिस्टीम’ नावाच्या जगात दिवस-रात्रीची फेरी मूळ सेटिंगला १२० मिनिटांची असते. एक रिफायनरी अखंड चालवायची असेल तर दिवसाच्या ६० मिनिटांत ०.५६ मेगावॅट-तास थेट लागतील. रात्रीसाठी तेवढेच साठवायचे आणि भरतानाची घट धरली तर आणखी ०.७०. एकूण १.२६ मेगावॅट-तास. एक आडवं पॅनेल पूर्ण फेरीत सुमारे ०.१०२ मेगावॅट-तास देतं, म्हणजे तेरा पॅनेल लागतील. एका रिफायनरीला तेरा! सूर्यामागे फिरणारं पॅनेल मात्र दिवसाच्या तासाभरात ०.१६ देईल, तिथे आठ पुरतात. बॅटरी दोन्ही वेळा एकच पुरे, ३ मेगावॅट-तासांत रात्र आरामात निघते.

फिरतं पॅनेल करायला रोटर आणि हिंज लावून त्यांना आपोआप फिरवणाऱ्या कस्टम टरेट कंट्रोलर या ब्लॉकमध्ये सूर्याचा माग घेण्याची सोय चालू करा. पूर्वी यासाठी स्क्रिप्ट लिहावी लागे. चूक होते ती सावलीत. पॅनेलवर ठिकठिकाणी सूर्यप्रकाश पोचतो का हे खेळ तपासतो. शेजारच्या पॅनेलची किंवा अँटेनाची सावली पडली की तेवढा भाग बाद. रांगा एकमेकींच्या मागे लावल्या तर सकाळ-संध्याकाळ निम्मी बाग झोपलेली असते.

रिअ‍ॅक्टर. मोठ्या ग्रिडवर लहान रिअ‍ॅक्टर १५ मेगावॅट, मोठा ३०० मेगावॅट. लहान ग्रिडवर लहान ०.५ आणि मोठा १४.७५. एक किलो युरेनियम इन्गॉट (गाळलेली लगड) म्हणजे १ मेगावॅट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत १,००० युनिट. (खऱ्या जगात एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं तर २० हजार मेगावॅट-तासांहून जास्त उष्णता निघते. खेळाने कंजूषपणा केलाय, पण तसं नसतं तर खाणकामच उरलं नसतं.) जेवढी वीज ओढाल तेवढंच इंधन जळतं. चालू ठेवलेला रिअ‍ॅक्टर नुसता उभा असेल तर खात नाही. लहान रिअ‍ॅक्टर पूर्ण भारावर तासाला १५ किलो घेतो, मोठा ३०० किलो. एक किलोत एक रिफायनरी पावणेदोन तासांहून थोडी जास्त चालते. सूर्यासमोर सरळ धरलेली ९४ पॅनेल म्हणजे एक लहान रिअ‍ॅक्टर. अंतराळात गेल्यावर लोक सौर बागा का मोडतात ते इथे कळतं.

अडचण मिळवण्यात आहे. पृथ्वीसारख्या ग्रहावर युरेनियमचा साठा नाही, त्यासाठी अंतराळात लघुग्रहांवर जावं लागतं. रिअ‍ॅक्टर कॉम्पोनंटला लोखंडाबरोबर चांदी आणि खडी लागते. खडी दगड गाळून निघते, म्हणून दगड फेकून देण्याची सवय इथे नडते. लहान रिअ‍ॅक्टरला असे १०० कॉम्पोनंट पुरतात, मोठ्याला २,००० लागतात. मोठ्याच्या मागे लागण्याआधी दोन-तीन लहान लावणं बहुतेकांना परवडतं.

कन्व्हेअरला जोडलेला रिअ‍ॅक्टर युरेनियम स्वतः ओढून घेतो, आणि इथे एक चोरटी गळती होते. तळावर जोडलेलं प्रत्येक जहाज कनेक्टरमधून तळाचं युरेनियम आपल्या रिअ‍ॅक्टरांत भरून घेतं. मग तळावरचा साठा ‘नाहीसा’ होतो. लहान जहाजांच्या रिअ‍ॅक्टरचा कन्व्हेअर वापर बंद करा आणि हाताने मोजून टाका. खाणकाम करणाऱ्या लहान जहाजाला पाच किलो बरेच दिवस पुरतात.

हायड्रोजन इंजिन मोठ्या ग्रिडवर ५ मेगावॅट, लहानावर ०.५ देतं. बर्फ मुबलक असेल तर चांगला आधार. पण मुख्य स्रोत म्हणून त्याच्यावर विसंबू नका. एक तर बर्फ सतत आणावा लागतो, आणि दुसरं म्हणजे त्याला हायड्रोजन पुरवणारा ऑक्सिजन-हायड्रोजन जनरेटर स्वतः विजेवर चालतो. तळ पूर्ण अंधारात गेला आणि टाकीत गॅस नसेल, तर जनरेटर चालवायला वीज नाही आणि वीज करायला गॅस नाही.

बॅटरीचा तिढा

बॅटरीला तीन अवस्था: ऑटो, रिचार्ज, डिस्चार्ज. ऑटोमध्ये ती देते आणि घेते. रिचार्जमध्ये फक्त घेते. डिस्चार्जमध्ये फक्त देते. नियम सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त जहाजं याच नियमाने पडतात.

तळावर जोडलेल्या जहाजाच्या बॅटऱ्या ऑटोवर राहिल्या तर जहाज तळाला वीज द्यायला लागतं. रात्री सौर पॅनेल झोपली की तळाच्या रिफायनऱ्या तुमच्या जहाजाची बॅटरी पितात आणि सकाळी निघायच्या वेळी १२ टक्के. म्हणून जोडल्याबरोबर रिचार्ज. उलट, रिचार्जवर ठेवूनच कनेक्टर सोडला तर जहाजाला देणारं कुणीच उरत नाही, आणि ते त्याच क्षणी दगडासारखं खाली. कनेक्टर जमिनीपासून दोन ब्लॉकवर असेल तर हसून सोडून देता येतं. उंच तळावर जहाज जातं.

आठवणीवर विसंबू नका, हे काम यंत्रावर सोपवा. २०२३ मध्ये इव्हेंट कंट्रोलर हा ब्लॉक आला. त्यात कनेक्टर जोडला गेला ही घटना निवडा, पहिल्या खान्यात बॅटऱ्यांचा गट रिचार्जवर टाकण्याची क्रिया ठेवा आणि दुसऱ्या खान्यात ऑटोवर आणण्याची. अट खरी झाली की पहिला खाना चालतो, खोटी झाली की दुसरा. एवढं करूनही एक बॅटरी या गटाबाहेर, कायम ऑटोवर ठेवा. इव्हेंट कंट्रोलरलाही वीज लागते. सगळ्या बॅटऱ्या रिचार्जवर असताना कनेक्टर तुटला तर दुसरा खाना चालवायला वीज उरणारच नाही.

हाच कंट्रोलर तळावर साठलेल्या विजेच्या टक्केवारीवरही लावता येतो: २५ टक्क्यांखाली गेली की हायड्रोजन इंजिन चालू. बंद करायला मात्र दुसरा कंट्रोलर ७० टक्क्यांवर लावा. एकाच कंट्रोलरवर दोन्ही ठेवलं तर इंजिन २५ च्या आसपास सारखं चालू-बंद होत राहतं.

नवी बांधलेली बॅटरी ३० टक्के भरलेली येते. अडकलात तर ती तातडीची मदत आहे. पण बॅटरी मोडून पुन्हा बांधत फुकट वीज काढायचा विचार मनात आला असेल, तर मोडताना पॉवर सेलचं भंगार होतं. मोठ्या ग्रिडच्या एका बॅटरीत असे ८० सेल. त्यामुळे बॅटरीची जागा आधी नीट ठरवा, हलवणं महाग पडतं.

अंतराळातलं जहाज

आयन थ्रस्टरला विजेशिवाय काही लागत नाही, आणि ती तो भरपूर मागतो. मोठ्या ग्रिडवर लहान आयन ३.३६ मेगावॅटला ३४५.६ किलोन्यूटन, मोठा ३३.६ मेगावॅटला ४,३२० किलोन्यूटन. एका मोठ्या आयनला पूर्ण जोरात चालवायला तीन बॅटऱ्या लागतात. एक लहान रिअ‍ॅक्टर चार लहान आयन सांभाळतो आणि दीड मेगावॅट शिल्लक ठेवतो. हवेत आयन पाचव्या हिश्शाचाच रेटा देतो, वीज मात्र पूर्ण घेतो. ग्रहावर आयनवर उतरण्याचा बेत करणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. अ‍ॅटमॉस्फेरिकचं उलटं: वर हवा विरळ होत जाते तसा रेटा घटतो. कक्षेपर्यंत जायचं तर हायड्रोजन थ्रस्टर लावा. विजेची चिंता संपते आणि गॅसची सुरू होते.

जंप ड्राइव्हची चूक हमखास होते. एक ड्राइव्ह ३ मेगावॅट-तास साठवतो आणि भरताना ३२ मेगावॅट ओढतो. घट धरून पूर्ण भरायला सात मिनिटं. आता मोठा रिअ‍ॅक्टर आणि पुढे ढकलणारे आठ मोठे आयन घ्या: ३०० मधून २६८.८ गेले, उरले ३१.२. एका ड्राइव्हच्या ३२ मेगावॅटलाही ते पुरत नाहीत. आणि चार्ज होणारी साधनं रांगेत थ्रस्टरच्या पुढे आहेत. म्हणजे ड्राइव्ह आपलं पोट भरेल आणि रेटा कमी होईल. उडी मारून पोचलात, सगळे ड्राइव्ह रिकामे, समोर लघुग्रह, आणि ब्रेक लागत नाही. चार ड्राइव्ह असतील तर १२८ मेगावॅट त्यांच्याकडेच जातात. ड्राइव्हच्या रिचार्जचं बटण टूलबारवर ठेवा, उडी मारण्याआधी बंद करा आणि जहाज स्थिर झाल्यावर चालू करा.

बिघाड शोधताना

कंट्रोल पॅनेल उघडा आणि सगळ्या स्रोतांचं चालू उत्पादन कमाल उत्पादनाशी ताडून बघा. चालू कमालीला टेकलं असेल तर तुटवडा मेगावॅटचा आहे: स्रोत वाढवा नाहीतर भार तोडा. टेकलं नसेल आणि तरीही एखादा ब्लॉक मेलेला असेल, तर विजेचा प्रश्न नाही. तो ब्लॉक बंद आहे, अर्धवट वेल्ड झालाय किंवा दुसऱ्या ग्रिडवर आहे. कमाल उत्पादनच शून्य दिसत असेल तर बॅटऱ्यांच्या अवस्था बघा, मग रिअ‍ॅक्टरमधलं युरेनियम.

पूर्ण अंधारात गेलेला तळ उठवताना घाईने सगळं चालू करू नका. अँटेना बंद असेल, त्यामुळे दूरून काही होणार नाही. जवळ जाऊन ब्लॉकच्या पॅनेलवरूनच काम करावं लागेल. आधी रिफायनरी, असेंब्लर आणि तोफा बंद करा, कारण त्या रांगेत पुढे आहेत आणि आलेला पहिला किलोवॅट त्याच खातील. मग बंद करून ठेवलेली भरलेली बॅटरी चालू करा. तशी बॅटरी नसेल तर रिअ‍ॅक्टरमध्ये हाताने युरेनियम टाका किंवा भरलेलं जहाज कनेक्टरने जोडा. ऑक्सिजन-हायड्रोजन जनरेटरला बर्फ द्या आणि हायड्रोजन इंजिन सुरू होईपर्यंत दुसरं काही लावू नका. इंजिनाचं उत्पादन स्थिर झालं की ती राखीव बॅटरी रिचार्जवर टाका, भरली की पुन्हा बंद करा, आणि त्यानंतरच रिफायनरीचं बटण दाबा.